नसलेल्या स्टेशनवरची खरी धूळ: लोहारा, १:८७

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना फोडलेले फाटे थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे मॉडेल रेल्वे. म्हणजे टेबलावरचे रूळ, त्यावर धावणारं तळहाताएवढं इंजिन, बाजूला स्टेशन, झाडं, माणसं. या सगळ्याला मिळून ‘लेआउट’ म्हणतात. खेळणं आणि लेआउट यांत फरक एवढाच, की खेळण्यात गाडी महत्त्वाची असते आणि लेआउटमध्ये गाडी जिथून जाते ती जागा.

मी लोहाऱ्याचा. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या लोहाऱ्याला रेल्वे नाही. म्हणून मी एक केली. बारा फूट लांबीचं स्टेशन, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात ‘लोहारा’. ते कसं केलं, मुद्दाम मळवलं कसं आणि लोकांना दाखवलं कसं, हे सांगतो. आणि दाखवल्यावर एक प्रश्न उभा राहिला, तोही सांगतो. तो आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या फोनशी संबंधित आहे.

आधी लाइन निवडा

स्टेशन कल्पनेतलं असलं तरी लाइन कल्पनेतली नको. मी घेतली बार्शी लाइट रेल्वे. आपल्या भागातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, ‘बार्शी लाइन’ म्हटलं की चेहरा बदलतो.

थोडक्यात गोष्ट अशी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याचं म्हणणं होतं, छोट्या गावांना मोठी रेल्वे परवडत नाही, पण नीट विचार करून बांधली तर छोटी रेल्वेही भरपूर माल ओढेल. त्यानं दोन रुळांमधलं अंतर घेतलं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. आणि एक नियम केला: इंजिन असो, डबा असो की वाघीण, चाकांच्या कुठल्याही एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. वजन सारखं वाटलं की हलका रूळही पुरतो. सुरुवातीचा रूळ मीटरला साधारण १५ किलोचा होता. आज ब्रॉडगेजला ६० किलोचा वापरतात.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन अशी गाडी सुरू झाली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. सगळी मिळून सुमारे ३२५ किमी. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. पुढं गेज बदलत गेलं आणि २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं. नवा मार्ग धाराशिव शहरावरून नेला. त्यामुळं आमच्या जिल्ह्याची सोय झाली, यात वाद नाही. पण ती छोटी गाडी गेली.

मजेची गोष्ट अशी, की कॅल्थ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्ये याच गेजची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली. जेमतेम १३ किमीची. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. तरी तिकडचे छंदिष्ट लोक अजून तिची मॉडेलं करतात. आपली लाइन तिच्या पंचवीसपट लांब आणि कितीतरी जास्त वर्षं चाललेली. म्हटलं, मग आपण का नाही?

स्केलचं गणित

मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ. प्रमाण १:८७. खऱ्या ८७ सेंटिमीटरचं इथं एक सेंटिमीटर होतं. साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी.

आता ७६२ ला ८७ नं भागा. उत्तर येतं ८.७६ मिमी. बाजारात ‘एन स्केल’चा रूळ मिळतो, त्याचं गेज ९ मिमी. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळतच नाही. म्हणजे रूळ, चाकं आणि मोटर एन स्केलची घ्यायची आणि वरचं सगळं एचओच्या मापात करायचं. इंजिनाचं वरचं कवच काढून ठेवायचं, खालची चाकं आणि मोटर तशीच वापरायची, नवं कवच प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापायचं किंवा थ्रीडी प्रिंट करायचं. वाघीण तर अगदी सोपी. बार्शी लाइनची २५ फुटी वाघीण या स्केलला पावणेनऊ सेंटिमीटरची होते.

एकच गोची असते. एन स्केलच्या रुळाचे स्लीपर फार जवळजवळ आणि आखूड असतात. ते एकाआड एक कापून टाकायचे आणि मध्ये लाकडी पट्टीचे साडेसतरा मिलिमीटर लांबीचे स्लीपर सरकवायचे. वेळखाऊ काम आहे, पण नॅरोगेजचा चेहरा तिथंच येतो.

वेगाचंही गणित करा. ताशी २० किमीनं चाललेली गाडी या स्केलला सेकंदाला सुमारे ६.४ सेंटिमीटर सरकते. चार फुटांची फळी ओलांडायला तिला जवळपास १९ सेकंद लागले पाहिजेत. पोरं म्हणतात, “दादा, फास्ट कर ना!” फास्ट नाही करायची. बार्शी लाइन फास्ट नव्हती.

फळी, वीज आणि माती

बारा फूट एकसंध लेआउट करू नका. तो दारातून बाहेर येत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. भाऊसाहेब जोशी यांनी आधी हलवता येईल असा लेआउट करायला घेतला होता, पण ने-आण अवघड जाते म्हणून शेवटी कायमची जागा केली. आपल्याकडं कायमची जागा नाही, त्यामुळं तुकडे पाडायचे. माझे तीन तुकडे आहेत, प्रत्येकी चार फूट बाय दीड फूट. खाली लाकडी चौकट, वर प्लायवूड. दोन तुकडे बोल्टनं जोडायचे. सांध्यावर रुळाची टोकं पितळी स्क्रूवर सोल्डर करून पक्की करायची, नाहीतर प्रवासात पहिला मार तिथंच बसतो.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. चार फुटांचा रूळ २५ अंश तापमान वाढलं की अर्धा मिलिमीटर लांब होतो. ऐकायला कमी वाटतं, पण जागा सोडली नाही तर ९ मिलिमीटरच्या गेजला तेवढं पुरतं. रूळ वाकतो, गाडी उतरते. म्हणून मधे बारीक फट ठेवायची. खऱ्या रेल्वेतही जुन्या रुळांना अशाच फटी असत, आणि चाकांचा खडखडाट त्यातूनच यायचा.

वीज १२ व्होल्ट डीसी. एका रुळातून जाते, दुसऱ्यातून परत येते. प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर खालून जोडायची, नाहीतर दूरच्या टोकाला इंजिन दमल्यासारखं चालतं. १२ व्होल्टचा एक फायदा आपल्याकडं जास्त कळतो: लाइट गेली तरी बॅटरीवर गाडी चालू राहते.

आता माती. दुकानात परदेशी मातीच्या पुड्या मिळतात. आपण कशाला घ्यायच्या? शेतातली काळी माती आणि रस्त्याकडेचा मुरूम आणायचा. कढईत कोरडा भाजायचा, म्हणजे किडे-मुंग्या जातात. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचा. यानंतरची पायरी कुणीही चुकवू नका. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी कणी चिकटलेली दिसेल. आपला सगळा प्रदेश बेसाल्टचा, त्यात लोहाचं खनिज असतं. ही कणी इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन बसली की मोटर गेली. गावाचं नाव लोहारा आणि मातीत लोखंड, हा विनोद माझ्या आजीनं केला, मी नाही.

माती पसरायची, वर पाण्याचा फवारा मारायचा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे थेंब मातीवर गोळा न होता आत मुरतो. मग फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी घालून ड्रॉपरनं सोडायचं. एक रात्र हात लावायचा नाही.

मळवणं म्हणजे वेदरिंग

इथपर्यंत लेआउट नव्या फ्लॅटसारखा दिसतो. सगळं चकचकीत, आणि म्हणून खोटं. त्याला ऊन-पाऊस लागलेला दाखवायचा, त्याला वेदरिंग म्हणतात. लोकांना वाटतं, वेदरिंग म्हणजे तपकिरी रंग फासणं. माझं मत वेगळं आहे. प्रत्येक डागामागं काहीतरी घडलेलं असतं. काय घडलं ते ठाऊक असेल तरच डाग द्यायचा.

मी चार प्रश्न विचारतो. ऊन कुठून येतं? पाणी कुठून वाहतं आणि कुठं थांबतं? धूळ कुठं बसते? माणसाचा हात कुठं लागतो?

ऊन रंग फिका करतं, छपरावर सगळ्यात जास्त. म्हणून डब्याच्या छपराचा रंग बाजूंपेक्षा एक पायरी उजळ. काळं इंजिन कधीच काळं रंगवू नका, गडद राखाडी घ्या. एवढ्या छोट्या वस्तूवर निखळ काळा रंग डोळ्याला भोक पडल्यासारखा दिसतो.

पाणी वरून खाली ओघळतं आणि गंज घेऊन येतं. गंज पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही. कडा, रिव्हेट, दोन पत्र्यांचा सांधा, जिथं पाणी अडतं तिथून तो सुरू होतो. हे शिकायला परदेशी व्हिडिओ लागत नाहीत. लोहाऱ्यात कुठल्याही पत्र्याच्या शेडसमोर, जुन्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसमोर किंवा पाण्याच्या टँकरसमोर दहा मिनिटं उभं राहा आणि फोनवर फोटो काढा. ऊन थेट पडत नसेल तेव्हा काढा, रंग खरे येतात.

वाफेच्या इंजिनाला आपल्याकडचा एक खास डाग असतो. विहिरीचं पाणी जड. ते बॉयलरमधून जिथं जिथं झिरपतं तिथं वाळून पांढरे ओघळ उरतात. घरच्या गिझरला किंवा नळाच्या तोटीला जो पांढरा थर बसतो, तोच.

धूळ दोन ठिकाणी असते. वरून पडलेली सपाट जागांवर बसते, चाकांनी उडवलेली डब्याच्या खालच्या भागावर. आमच्याकडं ही दोन रंगांची करावी लागते: खाली मुरमाचा तांबूस, वर फिकट करडा.

आणि हात. दाराच्या दांडीवर रंग उडून धातू चमकतो. खिडकीखाली लाल ओघळ. तो गंज नाही, पान आहे. हा डाग कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी डबा साबणानं धुऊन वाळवा. मॅट वार्निशचा हात द्या, म्हणजे पुढचा रंग धरतो. मग ॲक्रिलिक रंग भरपूर पाण्यात पातळ करून सगळीकडं सोडा आणि लगेच ओल्या ब्रशनं वरून खाली पुसा. रंग फटींमध्ये राहतो. तो वाळला की जवळपास कोरड्या ब्रशला फिका रंग लावून उंचवट्यांवर हलकेच फिरवा. शेवटी खडूची किंवा गाळलेल्या मातीची पूड मऊ ब्रशनं बसवा आणि वर पुन्हा मॅट वार्निश. वार्निशनं पूड थोडी गडद आणि कमी दिसते, म्हणून आधी हवी त्यापेक्षा जरा जास्तच लावा. रुळाच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगवा, पण डोकं ओलं असतानाच पुसून चकचकीत ठेवा. तिथून वीज जाते, आणि खऱ्या रुळाचंही डोकं चाकांनी घासून चकचकीतच असतं.

दाखवणं हा कामाचाच भाग

बार्शी लाइनचा जन्मच प्रदर्शनातला म्हणायला हरकत नाही. गाड्या भारतात पाठवण्याआधी कॅल्थ्रॉपनं लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचा रूळ टाकला आणि त्या रेल्वेवाल्यांना चालवून दाखवल्या. मोठ्या लोकांना पटवायला त्यालाही ‘डेमो’ द्यावा लागला!

मी गणपतीच्या दिवसांत गावात तीन दिवस लेआउट मांडला. काही गोष्टी ज्या तुमच्या उपयोगी पडतील: उंची शाळेच्या बाकाएवढी ठेवा, पोरांच्या डोळ्यासमोर गाडी येते, मोठी माणसं आपोआप वाकतात, आणि वाकल्यावर स्टेशन खरं वाटायला लागतं. पुढं फूटभर उंचीची ॲक्रिलिकची शीट लावा. दुसरं इंजिन तयार ठेवा. दर अर्ध्या तासानं रुळाचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. गर्दीतली धूळ ही वेदरिंगला चांगली, विजेला वाईट.

आणि एक वाघीण मी मुद्दाम कोरी ठेवली होती. नुसती रंगवलेली, एकही डाग नाही. शेजारी चिठ्ठी: ‘बार्शी लाइनची गाडी पाहिली असेल तर सांगा, ही कुठं मळलेली असायची?’

मी जेमतेम दहा वर्षांचा असताना ती गाडी बंद झाली. फोटोंमध्ये रंग नीट कळत नाहीत. पण समोर वाघीण ठेवली की माणसं बोट ठेवून सांगतात. एक आजोबा पंढरपूरच्या वारीला त्या गाडीनं जायचे. ते म्हणाले, “लेकरा, दाराजवळची पायरी बघ. ती मधी झिजलेली पाहिजे. दोन्ही कडंला नाही, मधी.” एका मावशींनी खिडकीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथं कोळशाची कणी यायची बाबा, डोळ्यात जायची.” तीन दिवसांत कोरी वाघीण आणि तिच्या सोबतचा डबा, दोन्हींसाठी वहीची अकरा पानं भरली. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर ओळखाल, कागदपत्रं हरवलेल्या जुन्या सिस्टमची माहिती ती वापरलेल्या माणसांकडूनच मिळते. आणि ही माणसं दर वर्षी कमी होतायत.

आता तो प्रश्न

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी फोन अगदी खाली धरून, गाडीच्या पातळीवरून फोटो काढला. त्याला जुन्या फोटोसारखा फिल्टर लावला. रात्रीपर्यंत तो गावातल्या दोन ग्रुपवर फिरला, वर ओळ होती: ‘निजामकालीन लोहारा रेल्वे स्टेशन, दुर्मिळ छायाचित्र.’ खाली हात जोडलेले आणि ‘आपला इतिहास आपल्यापासून लपवला’ वगैरे.

खरं सांगू, पहिल्यांदा छाती फुगली. माझं वेदरिंग एवढं खरं वाटलं! पण मग सकाळी एक काका हॉलमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, “स्टेशन कुठल्या शिवारात होतं रे? आमच्या वडलांनी कधी सांगितलं कसं नाही?” ते गंभीर होते. त्यांच्या वडिलांनी सांगितलं नाही, कारण स्टेशन कधी नव्हतंच. पण फोटोपुढं त्यांना वडिलांच्या आठवणीवर शंका आली. मला ते फार लागलं.

म्हणजे बघा, डाग खरे आहेत. पायरीची झीज, पांढरे ओघळ, पानाच्या पिचकाऱ्या, सगळं कुणीतरी पाहिलेलं. फक्त जागा खोटी आहे. आणि डाग जितके खरे, तितकी जागाही खरी वाटते. आज हे फक्त टेबलावरच्या स्टेशनचं नाही. फोनवर काही सेकंदांत तयार होणाऱ्या प्रत्येक ‘जुन्या’ फोटोचं आहे. झिजलेल्या कडा, पिवळट कागद आणि ओरखडे दिसले की आपण तारीख विचारत नाही.

मी तीन गोष्टी केल्या. तिसऱ्या दिवशी लेआउटसमोर मोठ्या अक्षरात पाटी लावली. डावीकडं ‘खरं’: बार्शी लाइन, तिची वर्षं, गेज, गाड्या. उजवीकडं ‘कल्पना’: लोहारा स्टेशन. प्लॅटफॉर्मच्या पुढच्या कडेला, कुठल्याही कोनातून फोटो काढला तरी चौकटीत येईल असं, ‘मॉडेल १:८७’ लिहिलं. आणि तिकीट खिडकीजवळ एक खरं एक रुपयाचं नाणं चिकटवलं. दाराच्या निम्म्या उंचीपेक्षा मोठं दिसतं ते. त्यानंतर फोटो शेकडो निघाले, पण ‘दुर्मिळ छायाचित्र’ म्हणून एकही फिरलेला मला दिसला नाही.

एक मित्र म्हणाला, नाण्यानं मजा गेली. मला तसं वाटत नाही. लोक आधी नाणं बघतात, हसतात, आणि मग वाकून पायरीची झीज बघतात.

सुरुवात कुठून?

रूळ-इंजिन लगेच घेऊ नका, महाग प्रकरण आहे. जाड कार्डशीटची एक वाघीण करा, ८८ मिमी लांब. पातळ रंग, कोरडा ब्रश, गाळलेली माती, एवढ्यावर ती मळवा. मग घरातल्या किंवा गल्लीतल्या बार्शी लाइन पाहिलेल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि विचारा, काय राहिलं? फोनवर रेकॉर्डर चालू ठेवा, त्यांना सांगून. ते वाघिणीबद्दल बोलायला सुरुवात करतील आणि लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत पोचतील. पोचू द्या.

तुमच्या भागात अशी बंद पडलेली लाइन, फाटा किंवा स्टेशन असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोटो पाठवलात तर तो कुणी, कुठं, कधी काढला तेही सांगा. आता कारण तुम्हाला माहितीये.

भेटू पुढच्या भागात. पायरी सांभाळून उतरा!